हात नव्हे, शाई

उर्दू शाळेतल्या शिक्षकाचा हात दिवसभर दोन दिशांना चालतो. उर्दूची वही उजवीकडून डावीकडे, मराठीची डावीकडून उजवीकडे. कलम, दौत, शाई, कागद हे शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच. वाट तेवढी उलट. बी.एड.ला फळ्यावर कसं लिहावं ते शिकवलं, पेन कोणतं घ्यावं ते कुणी शिकवलं नाही.

बरीच वर्षं मी स्वस्तातलं जेल पेन वापरलं. मराठी लिहिताना काही अडचण नव्हती. उर्दू लिहिताना मात्र तळहाताची कड नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून सरकायची. जेलची शाई पाण्याची, ती वाळायला वेळ लागतो. नुक्ते पसरायचे. ‘पे’चे तीन नुक्ते एकमेकांत मिसळले की ‘बे’ होतो. हात काळा झाला तरी मी तो धुवून मोकळा व्हायचो.

मग वर्गात एक डावखुरी मुलगी आली. घरी अम्मी तिच्या उजव्या हातात पेन द्यायची. जेवण उजव्या हाताने, तर लिहिणंही त्याच हाताने, असा त्यांचा साधा हिशेब. शाळेत ती गुपचूप डाव्या हाताने लिहायची. तिची मराठीची वही पाहून एकदा मी सगळ्यांसमोर बोललो, "किती घाण केलीस!" ती हळूच म्हणाली, "सर, उर्दू की देखो ना."

पाहिली. माझ्या अक्षरापेक्षा स्वच्छ होती. मला उर्दूत जे होत होतं, तेच तिला मराठीत होत होतं. मी शाईला दोष देत होतो आणि तिच्या वेळी हाताला.

त्याच आठवड्यात करावे गावातून सीवूड्स-दारावे स्टेशन गाठलं, हार्बरच्या गाडीने मस्जिदला उतरलो आणि अब्दुल रहमान स्ट्रीटवर गेलो. बॉल पेनची शाई तेलकट असते, कागदावर लवकर बसते, हे मनाशी ठेवलं होतं. धातूची क्लिकची पेनं हातात घेऊन पाहिली. बटण दाबल्यावर टोक हलता कामा नये. आटे प्लास्टिकचे असतील तर ते लवकर झिजतात. पेन इतकं जड नको की तीस वह्यांनंतर बोटं दुखतील. आणि मुख्य म्हणजे रिफिल कुठेही मिळायला हवी. पार्करचा जॉटर 1954 साली आला. त्याच्या रिफिलचा आकार पुढे आंतरराष्ट्रीय मानकात गेला. जेमतेम दहा सेंटिमीटरची ही रिफिल अनेक कंपन्या बनवतात. त्या मापाची दोन पेनं घेतली.

एक माझं. त्यात कधी निळी रिफिल असते, वह्या तपासायला लाल. बदलताना खाली रुमाल पसरतो, कारण एकदा स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली आणि चांगलं पेन आठवडाभर मुकं पडलं. खिशात ठेवण्याआधी टोक आत घ्यायचं, हेही एक शर्ट गमावून शिकलो.

दुसरं पेन तिला दिलं, आणि ज्या वर्गासमोर बोललो होतो त्याच वर्गासमोर माफी मागितली. पालकसभेत अम्मीपुढे तिच्या दोन्ही वह्या ठेवल्या. त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत. घरी अजून कुरकुर होते, असं मुलगी सांगते. पण माझ्या वर्गात तिच्या डाव्या हातातलं पेन कुणी काढून घेत नाही.