नवी गाडी आणि जुना हिशेब

दसऱ्याच्या दिवशी आमच्या दारात नवी मोटारसायकल आली. सौ.ने हळद-कुंकू वाहिले, चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला आणि चार माणसांसमक्ष विचारले, "आता औषधपाणी तुमच्या गुडघ्याचं करायचं की या गाडीचं?" मंडळी हसली, मीही हसलो. उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हते. वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर माणसाने तीर्थयात्रेचे बघावे, मोटारसायकलचे नव्हे, असा आपल्याकडे रिवाज आहे.

गाडीचे नाव हिमालयन. रॉयल एनफिल्डने या नावाची पहिली गाडी २०१६ साली काढली. मी घेतली ती ४५२ सीसीची, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची. ती नोव्हेंबर २०२३ मध्ये बाजारात आली. डांबरी सडकेवर लांबचा पल्ला गाठावा आणि डांबर संपले तरी वाट सोडू नये, अशा बेताने या जातीच्या गाड्या बांधलेल्या असतात.

मी शेतीखात्यात लागलो तेव्हा माझ्याकडे जुनी लूना होती. लूना १९७२ साली निघाली आणि ती आपल्या अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगरच्या) कारखान्यात बनत असे. वजन अर्ध्या क्विंटलच्या आसपास. चढ आला की पायडल मारायचे, ओढा आला की उचलून पलीकडे न्यायची. पुढे शंभर सीसीची गाडी आली. लिटरला साठ किलोमीटर देणाऱ्या त्या गाडीवर माझी बहुतेक नोकरी झाली. नव्या गाडीचे वजन १९६ किलो, म्हणजे दोन क्विंटलला चार किलो कमी. बसायची जागा जमिनीपासून ८२५ मिलिमीटर, सुमारे पावणेतीन फूट. पहिल्या दिवशी मी तिच्यावर घोड्यावर चढावे तसा चढलो आणि दोन्ही पायांचे चवडेच तेवढे जमिनीला टेकले. माझी उंची बेताचीच आहे.

पहिले पाचशे किलोमीटर नवे इंजिन जपून चालवायचे असते. म्हणून आठ दिवस गावातल्या गावात फिरलो आणि दिवाळीनंतरच्या रविवारी पहाटे संगमनेरहून अकोल्याची वाट धरली. हे विदर्भातले अकोला नव्हे. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीत शिरलेला हा अकोले तालुका. माझ्या नोकरीची पहिली सात वर्षे तिथे गेली.

संगमनेर सोडले की प्रवरेच्या काठाने ऊस लागतो, मध्ये टोमॅटोचे मांडव. इकडे वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस. जेमतेम ऐंशी किलोमीटरांवर घाटघरला तोच चार-पाच हजार मिलिमीटर. एका दिवसाच्या फेरीत बाजरीचा मुलूख आणि भाताचा मुलूख दोन्ही पाहायचे असतील, तर यासारखा रस्ता नाही. अकोले मागे पडले, विठे घाट लागला. ज्या वळणावर मी लूनाला पायडल मारत घामाघूम होत असे, तिथे ही गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आवाज न चढवता वर आली. मला थोडे वाईटच वाटले. त्या वळणावर थांबून दम खाताना खालच्या शेतातल्या माणसाशी बोलणे होई. आता थांबायचे कारणच उरले नव्हते.

राजूर गेले, रंधा धबधबा गेला, शेंडीला भंडारदऱ्याचे धरण आले. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरे झालेले हे दगडी धरण आजही खालच्या तालुक्यांची शेती भिजवते. जलाशयाच्या कडेने मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर असा वळसा घालून परत शेंडीला येता येते. रतनवाडीला अमृतेश्वराचे काळ्या दगडाचे जुने मंदिर आहे. वर रतनगड, आणि त्याच डोंगरात प्रवरेचा उगम.

या वळशाला रस्ता जागोजाग उखडलेला होता, आणि गाडीचा खरा गुण इथे कळला. पुढचे चाक २१ इंचांचे, मागचे १७ इंचांचे. बैलगाडीचे चाक मोठे का असते, ते शेतकऱ्याला सांगायला नको. मोठे चाक खड्ड्यात पडत नाही, खड्ड्यावरून जाते. पोटाखाली नऊ इंच मोकळे, त्यामुळे धोंडा लागत नाही. पायखुंट्यांवर उभे राहून चालवले, तर गचके गुडघ्यांपर्यंत येऊन विरतात. सौ.ला हे सांगायचे ठरवून टाकले. उभे राहिल्यावर उतारावरची पिवळीधम्मक खुरासणी दिसत होती, खाली खाचरांत भाताची कापणी चालली होती. डोक्यावर भाऱ्यांची रास घेऊन बाया खळ्याकडे चालल्या होत्या. मी खुशीत होतो.

आणि त्या खुशीतच पडलो. वळणावर समोरून गुरे आली म्हणून गाडी उभी केली. डावा पाय टेकवायला गेलो, तर खाली जमीनच नव्हती, पाण्याची चारी होती. दोन क्विंटल वजन एकदा कलले की मग माणसाच्या हाती काही राहत नाही. गाडी सावकाश आडवी झाली आणि मी तिच्या बाजूला. लागले काही नाही. गुरे थांबून बघत राहिली.

खाचरातून दोन पुरुष आणि एक बाई, हातात विळे तसेच धरून, धावत आली. मी हँडल धरून गाडी उपसू लागलो. त्यांतला म्हातारा म्हणाला, "भाऊसाहेब, बैल बसला की आधी जू सोडतात. पिशव्या उतरवा ना." खरेच, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या भरलेल्या होत्या. त्या सोडल्या आणि तिघांनी मिळून गाडी उभी केली. तेव्हा कुठे मी त्या माणसाकडे नीट पाहिले, आणि त्यांनी माझ्याकडे. सोळा-सतरा वर्षांनी भेट होत होती. मी त्यांना बाबा म्हणत असे. इथेही तेच म्हणतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

खळ्यावर नेऊन त्यांनी कोरा चहा दिला. पोरे गाडीभोवती जमली. एकाने विचारले, "किती एचपी?"

"चाळीस."

"म्हणजे ट्रॅक्टरएवढी! मग नांगर ओढील का?"

मी समजावून सांगितले. आकडा सारखा असला तरी ताकद सारखी नसते. या इंजिनाची चाळीस अश्वशक्ती मिनिटाला आठ हजार फेऱ्यांना मिळते. ट्रॅक्टरचे इंजिन दोन हजारांच्या आसपास फिरते, सावकाश पण जोर लावून. एकाचे काम पळायचे, दुसऱ्याचे ओढायचे. शर्यतीचा घोडा औताला जुंपत नाहीत, तसे. पोरांना पटले. बाबा मात्र ट्रॅक्टर हा शब्द निघाल्यापासून माझ्याकडे बघत होते.

"साहेब," ते म्हणाले, "मी ट्रॅक्टर घ्यायला निघालो होतो, तव्हा तुम्ही मला वही काढायला लावली होती. आठवतं?"

आठवत होते. अनेक सभांतून मी ते उदाहरण सांगितले आहे. बाबांची जमीन अडीच एकर, तीही लहानलहान खाचरांत तुटलेली. ट्रॅक्टर वळायला जागा नाही. वर्षाला काम जेमतेम साठ-सत्तर तासांचे. हप्ता भरायला घरातले सोने मोडावे लागले असते. मी वहीत मांडून दाखवले होते की चालणाऱ्या ट्रॅक्टरपेक्षा उभा ट्रॅक्टर जास्त खातो. बाबांनी ऐकले. तीन शेजाऱ्यांबरोबर भागीत पॉवर टिलर घेतला. त्याने चिखलणीचे काम होते, आजही होते आहे.

"मग या गाडीचं मांडलं का वहीत?"

खळ्यावरची माणसे गप्प झाली. मी खिशातली डायरी काढली. शेतकऱ्याला हिशेब मांडायला लावणाऱ्या माणसाला ही वेळ चुकवता येत नाही.

गाडी रस्त्यावर येईपर्यंत तीन लाखांच्या पुढे गेली. हिशेबाला तीन लाखच धरले. दहा वर्षे चालली, तर वर्षाला घसारा तीस हजार. विमा, देखभाल, टायर मिळून दहा हजार धरले. झाले चाळीस हजार. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवली, तर किलोमीटरला चार रुपये. दोन हजारच चालवली, तर वीस रुपये. पेट्रोल वेगळे. लिटरला तीस किलोमीटर धरले, तर किलोमीटरला आणखी साडेतीन रुपये, म्हणजे जुन्या गाडीच्या दुप्पट. आणि जुनी गाडी अजून धडधाकट आहे. मी डायरी मिटली आणि म्हणालो, "बाबा, माझ्याच नियमानं मी नापास."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

"साहेब, ट्रॅक्टर मला लागत नव्हता, ते मलाबी कळत होतं. पण माझा बाप जन्मभर दुसऱ्याच्या औतामागं चालला. आपल्या दारात ट्रॅक्टर उभा राहावा, येवढंच वाटायचं. तुम्ही इचारलं नाही, मी सांगितलं नाही. लाज वाटली."

मला काय बोलावे सुचेना. माझा सल्ला बरोबर होता. आजही मी तोच देईन, आणि बाबाही म्हणाले, "ऐकलं ते बरंच केलं, सोनं पोरीच्या लग्नाला आलं." पण एवढ्या वर्षांत किती घरांच्या ओसरीवर बसून मी बियाण्याचा, खताचा, मजुरीचा, व्याजाचा रकाना भरून घेतला, आणि माणसाला काय हवेसे वाटते, ते विचारले नाही. हौस हा रकाना माझ्या वहीत नव्हताच. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र मी तो गुपचूप आखून घेतला.

वाचक बंधु-भगिनींनो, याचा अर्थ हिशेब फेकून द्यावा असा नाही. हौस वहीत लिहावी, तिच्यापुढे आकडा टाकावा आणि घरातल्या सर्वांना तो वाचून दाखवावा. जमीन गहाण टाकून, पीककर्जाच्या पैशातून किंवा बायकोचे डोरले मोडून हौस करू नये. मी गाडी साठवलेल्या पैशातून घेतली, कर्ज काढले नाही. पण आकडा सौ.ला वाचून दाखवला नव्हता, ही माझी चूक. दसऱ्याला तिने भरल्या अंगणात जे विचारले, त्याचे कारण मला खळ्यावर कळले.

निघताना बाबांना म्हटले, "चला, घरापर्यंत सोडतो." ते आधी नको नको म्हणाले, मग विळा सुनेकडे देऊन मागे बसले. मागची जागा पुढच्यापेक्षाही उंच. त्यांनी माझे दोन्ही खांदे घट्ट धरले. "हळू घ्या," म्हणाले. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, आम्ही वाडीत शिरलो. त्यांच्या दारापाशी आल्यावर म्हणाले, "लगेच जाऊ नका. जरा दारात उभी राहू द्या."

गाडी अर्धा तास त्यांच्या दारात उभी होती. येणारा-जाणारा थांबून विचारी, "कोणाची हो?" आणि बाबा सांगत, "आमच्या साहेबांची." आजींनी आतून करंडा आणला आणि पुढच्या चाकाला कुंकू लावले.

जाताना आजींनी एका पिशवीत दोन शेर तांदूळ बांधून दिला. गेल्या सालचा, घरी कांडलेला काळभात. या तांदळाचेही माझ्याशी जुने नाते आहे. गुंठ्याच्या उताऱ्यात तो सुधारित वाणांच्या मागे पडतो, म्हणून आम्ही मंडळींनी एके काळी तो कमी करायला सांगितला होता. बाबांनी बाकीच्या खाचरांत आमचे ऐकले आणि एक लहान खाचर घरच्यासाठी काळभाताला राखून ठेवले. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे असेच घरोघर जपले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. उताऱ्याच्या रकान्यात न बसणारे किती काही या माणसांनी सांभाळले आहे!

परतताना साम्रदवरून घाटघरला गेलो. कोकणकड्यावर पाच मिनिटे उभा राहिलो. खाली कोकण धुक्यात होते. गाडीच्या गोल काचेवर नकाशा दिसण्याची सोय आहे, पण दऱ्यांत मोबाईलची रेंज गेली, तेव्हा वाट विचारत विचारतच शेंडीला आलो. त्यामुळे चार ठिकाणी थांबणे झाले, चार माणसांशी बोलणे झाले. विठ्याच्या घाटात त्या जुन्या वळणावरही मुद्दाम थांबलो. खालच्या शेतात एक जण खुरासणी पाहत उभा होता. त्याने हात केला, मी खाली उतरून गेलो.

रात्री काळभात शिजला. वास शेजारच्या घरापर्यंत गेला. जेवताना मी सौ.ला सगळा आकडा वाचून दाखवला, घसाऱ्यासकट. तिने निमूट ऐकून घेतला, ताटात आणखी भात वाढला आणि म्हणाली, "वर्षाला दहा हजार किलोमीटर म्हणजे दर रविवारी जावं लागंल. पुढच्या रविवारी मागची सीट माझी. त्या आजींना आपल्याकडच्या डाळिंबांची पाटी द्यायची आहे."

गुडघ्याचा विषय त्या रात्री निघाला नाही.