मेथीचा डबा

माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतो. गेल्या वर्षी त्याने कॉम्प्युटरची नोकरी सोडून पोलिसात जायचं ठरवलं, तेव्हा दोन्ही घरांत सुतक पडल्यासारखं झालं. जैनाचा मुलगा आणि कमरेला पिस्तूल! बहिणीने दोन दिवस जेवण सोडलं. मी तिला फोनवर विरोधी हिंसा आणि संकल्पी हिंसा यांतला फरक समजावून सांगितला. संरक्षणासाठी शस्त्र घेणाऱ्या गृहस्थाला आपल्याकडे कुणी धर्माबाहेर काढलेलं नाही, आपल्यात सेनापती होऊन गेले, चामुंडराय कोण होता, वगैरे. तिचं समाधान झालं नाही. पण तिला भीती होती ती गोळीची, धर्माचं नुसतं निमित्त होतं. आईच ती.

तो मात्र तयारीला लागला. लेखी झाली, धावणं झालं. मग एके रविवारी सकाळी, मी देरासरातून येऊन चहा टाकत होते, त्याचा फोन आला. "मावशी, पुढच्या गुरुवारी माझी पॉलिग्राफ टेस्ट आहे."

मला आधी वाटलं, ई.सी.जी.सारखं काहीतरी असेल. तो हसला. "लाय डिटेक्टर गं."

मी घाबरलेच. म्हटलं, तू काय केलंस? आपल्याकडे हे यंत्र म्हटलं की आठवतं ते गांधीनगरची फॉरेन्सिक लॅब, खुनाचे खटले, टी.व्ही.वरची आरडाओरड. आणि तेही आता कुणावर जबरदस्तीने करता येत नाही. 5 मे 2010 ला सुप्रीम कोर्टाने सेल्वी खटल्यात सांगितलं, की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग काहीही करायचं नाही. माणसाला स्वतःविरुद्ध बोलायला लावता येत नाही. म्हणजे इथे ज्याच्यावर खुनाचा संशय आहे तो 'नाही' म्हणू शकतो. आणि तिथे नोकरी मागायला आलेल्या मुलाला पट्टे बांधतात? म्हणाला, "इथे तसंच आहे. 1988 च्या कायद्याने बहुतेक खाजगी कंपन्यांना बंदी आहे, पण सरकारी खात्यांना ती लागू नाही. पोलिसांत बऱ्याच ठिकाणी घेतात."

आमच्या गल्लीतली एक मुलगी लोकरक्षकच्या भरतीची तयारी करते. पहाटे छाणी तळ्याच्या बाजूला धावताना दिसते. सोळाशे मीटर, साडेनऊ मिनिटं. तिला विचारलं, तुमच्यात असलं मशीन असतं का गं? ती म्हणाली, "ना आंटी, अमारे तो पेपर न फूटे एटलुं बस." खरंच आहे. 2018 च्या डिसेंबरात लोकरक्षकचा पेपर फुटला आणि ऐन परीक्षेच्या दिवशी रद्द झाला. लाखो पोरं रात्रभर एस.टी.तून आली आणि तशीच परत गेली. तिथे खोटं उमेदवाराचं नव्हतं आणि मशीन कुणाला लावायचं हाच प्रश्न होता.

आपल्याकडे खरंखोटं होतं ते फॉर्मवर. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का. शिवाय चौकशीला घरी माणूस येतो. 2016 साली सुप्रीम कोर्टाने अवतार सिंगच्या खटल्यात याबद्दल बरंच सांगितलं आहे: फॉर्मवर लपवलं तर नोकरी जाऊ शकते, पण लहान वयातली किरकोळ गोष्ट असेल तर वरिष्ठांनी तारतम्य ठेवावं. तारतम्य. हा शब्द मशीनला कसा शिकवणार?

भाच्याने मला सगळं समजावलं. छातीला आणि पोटाला दोन नळ्या बांधतात, श्वास मोजायला. दंडाला रक्तदाबाचा पट्टा. बोटांना छोट्या पट्ट्या, घाम कळायला. खुर्चीवरसुद्धा एक गादी, हललात तर कळावं म्हणून. पण यातलं काहीही खोटं मोजत नाही. मोजतं ती घालमेल. आणि मला सर्वांत नवल वाटलं ते हे, की प्रश्न सगळे आधीच सांगतात. एकही अचानक नाही. त्यांत काही प्रश्न मुद्दाम घातलेले असतात: विश्वास ठेवणाऱ्याशी तुम्ही कधी खोटं बोललात का? त्यावर प्रत्येक जण थोडा चुळबुळतोच असं धरलेलं असतं. त्या चुळबुळीपेक्षा चोरीच्या, नशेच्या प्रश्नावर जास्त चुळबुळ झाली तर तुम्ही खोटे. आता ज्याने आधीच सगळं मनमोकळं सांगून टाकलं, त्याची पहिल्या प्रश्नावर चुळबुळ व्हायची कशी? म्हणजे प्रामाणिक माणूसच अडकायचा.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावच्या पोलिसांत 1921 साली जॉन लार्सन नावाच्या माणसाने हे यंत्र बनवलं. तेव्हापासून शंभर वर्षं वाद चालू आहे. 2003 साली अमेरिकेच्याच मोठ्या शास्त्रज्ञांच्या समितीने सांगितलं, की नोकरदारांची सरसकट चाळणी करायला ही चाचणी पुरेशी भरवशाची नाही. त्यांच्या सी.आय.ए.मधला आल्ड्रिच एम्स रशियाला गुपितं विकत होता. त्याने 1986 आणि 1991 अशा दोन्ही चाचण्या पार केल्या. 1994 ला पकडला गेला, तो वेगळ्याच मार्गाने.

तर हे सगळं मी ऐकत होते, चहा उतू गेला. आणि मग तो म्हणाला, "मावशी, खरं म्हणजे मी दुसऱ्याच कामासाठी फोन केलाय."

चाचणीच्या आधी एक जाड पुस्तिका भरायची असते. आयुष्यात कुणाचं काय काय घेतलंत, कधी पकडले गेला नाहीत असं काय केलंत. तिथे त्याने एक गोष्ट लिहिली होती. "ते तिथल्या माणसाने वाचण्याआधी तुला सांगायला पाहिजे. मेथीच्या डब्यातले पैसे मी घेतले होते."

*

2009 चा जानेवारी. बहीण आणि मेहुणे आधी पुढे गेले होते, आणि हा दोन वर्षं माझ्याकडे छाणीत होता. दहा वर्षांचा. उत्तरायणचे दिवस. मी माहेरची सांगलीकडची. गुजरातेतलं ते पतंगांचं वेड मला सवयीचं झालं, पण मांज्याने कापलेली कबुतरं पाहिल्यावर घरात मी पतंग बंद केला. पोरगा रडला, मी बधले नाही. अहिंसेचं मोठं व्याख्यान दिलं त्याला. दहा वर्षांच्या मुलाला, चौदा जानेवारीला, बडोद्यात!

ओट्याखालच्या मेथीच्या डब्यात मी घरखर्चातून वाचवलेले पैसे ठेवायची. त्यातले सातशे गेले. पाचशेची एक, शंभराच्या दोन.

आमच्याकडे भांडी-कपड्याला एक बाई यायच्या. नाव लिहीत नाही, आम्ही मासी म्हणायचो. मी त्यांना बोलावून विचारलं. आवाज चढवला नव्हता, एवढं आठवतं. आणि याचा मला पुष्कळ वर्षं अभिमान होता. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि थंडीच्या दिवसांत त्यांच्या कपाळावर घाम आला. श्वास लागला. बोलताना आवाज कापला. "बेन, मारा छोकराना सम, में नथी लीधा." मुलाची शपथ घेतली, तशी माझी खात्रीच पटली. खरं असतं तर इतकं घाबरायचं कारण काय?

भाचा तिथेच पाटावर बसून खाकरा खात होता. शांतपणे.

म्हणजे घाम, श्वास, थरथर, मी सगळं मोजलं होतं. पट्टे तेवढे बांधायचे राहिले. मला हे सुचायला नव्हतं पाहिजे का, की ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे तो खरं बोलतानाही थरथरतो, आणि ज्याला घरचं ताट मिळणारच आहे तो खोटं लपवतानाही स्वस्थ खातो?

मासींना मी काढलं. शेजारणींनी विचारलं, का सोडलंत? मी म्हटलं, "जाऊ द्या." मला वाटलं, मी केवढी उदार, चोरी म्हणाले नाही.

*

भाच्याची चाचणी झाली. तीन वेळा तेच प्रश्न. निकाल 'अनिर्णित' आला. वर्षभराने पुन्हा अर्ज करता येईल म्हणाले. चोरीच्या प्रश्नावर त्याची रेघ हलली होती. परीक्षकाने विचारलं, अजून काही सांगायचं राहिलंय का? त्याने मासींचं सांगितलं. पुस्तिकेत त्याने फक्त पैसे लिहिले होते, बाईंचं लिहिलं नव्हतं. परीक्षक म्हणे किंचित हसला आणि म्हणाला, "तुम्ही दहा वर्षांचे होतात." आणि लिहून घेतलं.

पुस्तिकेत फक्त पैसे. हे ऐकून मी त्या रात्री आलोचनेचे दहा दोष काढून वाचले. मराठीत आता आलोचना म्हणजे टीका असं झालंय, पण आपल्या शास्त्रात ती गुरूपुढे स्वतःचे दोष उघडे करण्याची क्रिया. आणि जुन्या आचार्यांची कमाल अशी, की दोष सांगतानाही माणूस कसा लबाडी करतो याची त्यांनी यादी करून ठेवली आहे. दिगंबर-श्वेतांबर दोघांकडे आहे. गुरूला आधी खूश करून सांगणं, म्हणजे प्रायश्चित्त हलकं मिळतं. इतरांनी पाहिलेलेच दोष सांगणं. मोठेच सांगणं आणि बारीक गिळणं. बारीकच सांगणं, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं, इतकं बारीक सांगतो तो मोठं कशाला लपवेल. गडबडगोंधळात सांगणं, म्हणजे नीट ऐकू जाऊ नये. तोच अपराध केलेल्याकडे जाऊन सांगणं, हा तर माझ्या आवडीचा, आम्हा बायकांच्या सगळ्या गप्पा याच दोषात बसतात.

लार्सनसाहेबाला ही यादी कुणी दाखवायला हवी होती.

पण हसून झाल्यावर मला झोप येईना. भाच्याने मला सांगितलं, सरकारी माणसाला सांगितलं. ज्यांना सांगायचं त्या बाई आमच्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर राहतात, दशरथला, मुलाकडे. मला पत्ता ठाऊक होता. नेहमीच ठाऊक होता. दर वर्षी क्षमावणीला मी फोनवर दोन-दोनशे लोकांना क्षमा मागणारा निरोप पाठवते, हात जोडलेल्या चित्रासकट.

यजमान म्हणाले, "आता पंधरा वर्षांनी जाऊन तिला उगाच त्रास." त्यांचं चूक नव्हतं. मी तीन आठवडे ते कारण वापरलं.

मग गेले. पाकिटात पाच हजार घेतले, पाचशेच्या दहा नोटा. मासी ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या. डोळ्याला जाड चष्मा. मला ओळखलं. लसणाचं सूप लगबगीने मागे सरकवलं, मला वास नको म्हणून, आणि खुर्ची दिली. मी उभ्यानेच सांगितलं. आधी गुजरातीत, मग मधेच मराठीत घसरले, त्यांना कळलं असावं.

त्या म्हणाल्या, त्यांना माहीत होतं. त्याच आठवड्यात भांडी घासताना त्यांनी पोराची बोटं पाहिली होती. मांज्याचे काप, पट्ट्या लावलेल्या. शेजारच्या अगाशीवर त्याचा आवाजही ऐकला होता, 'ए काप्यो!' करून ओरडताना.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"छोकरुं हतुं. मा दूर हती." मूल होतं. आई लांब होती. आणि मग सरळ माझ्याकडे बघून: "ने तमे माननार हता?"

मी मानलं नसतं.

पुढचं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. आमच्या गल्लीतली अजून दोन घरं त्या महिन्यात सुटली. कुणी काही बोललं नाही. "तमे पण कंई बोल्या नहोता ने," त्या म्हणाल्या. मुलाची शाळेची फी त्या सत्रात राहिली. पुढे मुलगा रणोलीला कारखान्यात लागला, चांगलं चाललंय.

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी उघडून पाहिलं आणि विचारलं, हे कसले? मी म्हटलं, ते सातशे, आणि वर माझ्याकडून.

"सातसो तो तमारा ज हता," मासी म्हणाल्या. सातशे तर तुमचेच होते, तुमच्याच घरच्यांनी घेतले. त्यांचे राहिले होते ते पगाराचे. अठरा दिवस काम केलं होतं त्या महिन्यात, ते मी दिले नव्हते.

हे मी विसरले होते. भाच्याला फोनवर सगळं कबूल करताना, यजमानांना सांगताना, रात्री दहा दोष वाचताना, एकदाही आठवलं नव्हतं. सातशे वळते करून घेतले असं तेव्हा मनाशी म्हटलं असणार.

"महिन्याला सहाशे होते," मी म्हटलं.

"त्रणसो साठ," त्या म्हणाल्या. हिशेब तयार होता.

मी पाकीट तसंच राहू द्या म्हटलं, दोनदा म्हटलं. त्यांनी त्यातून पाचशेची एक नोट काढली, बाकीचं माझ्या हातात ठेवलं आणि आत गेल्या. डबा उघडल्याचा आवाज आला. एकशे चाळीस रुपये मोजून आणले, शंभराची एक आणि दहाच्या चार, आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, बेनसाठी चहा ठेव, आल्याशिवाय.