अभ्यास मंडळ आणि स्वायत्ततेचा प्रश्न

विद्यापीठीय स्वायत्ततेविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते: कुलगुरूंची नेमणूक कोणी करावी? डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकात उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करण्याची आणि कुलगुरुपदासाठी शासनानेच राज्यपालांकडे नावे पाठवण्याची तरतूद होती; ते अमलात आले नाही. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रसृत केलेल्या मसुद्यात शोधसमिती नेमण्याचा अधिकार कुलपतींकडे, म्हणजे राज्य विद्यापीठांपुरता राज्यपालांकडे, सोपवलेला होता. परंतु सत्ता मंत्रालयात असावी की राजभवनात, हा वाद आणि विद्यापीठाने आपला कारभार आपण करावा हा विचार, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

काही वर्षे एका विद्यापीठाच्या मराठी अभ्यास मंडळावर काम करताना हा भेद मला जवळून जाणवला. अभ्यासपत्रिका किती, तासिका किती, अंतर्गत मूल्यमापनाला गुण किती, हे सारे वरून ठरून येई. मंडळाच्या हाती उरे तो एकच प्रश्न: काय वाचायचे? एकदा एका दलित आत्मकथनावरून दीर्घ वाद झाला. एका ज्येष्ठ सदस्यांना त्यातील भाषा वर्गात उच्चारण्याजोगी वाटत नव्हती. ती भाषा ज्यांच्या घरात बोलली जाते तेच विद्यार्थी आपल्यापुढे बसतात, असे ग्रामीण महाविद्यालयातून आलेल्या एका प्राध्यापिकेने शांतपणे सांगितले आणि आक्षेप मागे घेतला गेला. साहित्यकृतीच्या मूल्याविषयी इतकी गंभीर चर्चा मी परिसंवादांतूनही क्वचितच ऐकली आहे. इतिवृत्तात मात्र ‘चर्चेअंती मंजूर’ एवढेच शब्द राहिले.

कारणे लिहून न ठेवण्याची ही सवय निरुपद्रवी नाही. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी अभ्यासक्रमातून रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी काढून टाकण्यात आली. मागणी शहरातील एका राजकीय पक्षाच्या विद्यार्थी संघटनेची होती आणि निर्णय कुलगुरूंनी १९९४ च्या विद्यापीठ कायद्यातील तातडीच्या अधिकारात अमलात आणला. तातडीच्या अधिकाराचा अर्थच असा, की संबंधित मंडळांच्या रीतसर विचारविनिमयाची वाट पाहायची नाही. येथे शासनाने विद्यापीठावर आक्रमण केले असे म्हणता येत नाही; विद्यापीठाचाच अधिकार स्थानिक दडपणाच्या कामी आला.

म्हणूनच ‘स्थानिक’ या शब्दाला आपोआप लोकशाहीचे मूल्य बहाल करता येत नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला, तेव्हा त्याला झालेला विरोध प्रादेशिक अस्मितेच्या भाषेत बोलत होता आणि त्याची किंमत गावोगावच्या दलित वस्त्यांनी जळून मोजली. त्या क्षणी न्यायाची बाजू राज्याच्या ठरावात होती. तरीही नामविस्तार होण्यास १९९४ साल उजाडावे लागले. शासन वेतन देते; आरक्षण आणि हिशेब यांवर देखरेख ठेवणे हे त्याचे कर्तव्यच आहे. मात्र कोणती कादंबरी वाचावी, हे ठरवण्याची पात्रता त्या देखरेखीतून निष्पन्न होत नाही. ती जमावाच्या निकटतेतूनही निष्पन्न होत नाही.

ही पात्रता कृती वाचून तिच्याविषयी युक्तिवाद करण्यातून येते. अभ्यास मंडळाने प्रत्येक निवडीची कारणे आणि नोंदलेले मतभेद प्रसिद्ध करावेत. निवड फिरवणाऱ्यानेही, तो कोणत्याही पदावर असो, लेखी उत्तर द्यावे. ज्या मंडळाने स्वतःची कारणे लिहून ठेवलेली नाहीत, त्याला मंत्री, राज्यपाल वा जमाव यांपैकी कोणाकडेही कारणे मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.