घरच्या समारंभासाठी पहिला कॅमेरा

बारसं घरच्या हॉलमध्ये असलं की कॅमेऱ्याचा खरा कस उजेडावर लागतो. मेगापिक्सेलचा आकडा तिथे फारसा कामाला येत नाही. सोबत मिळणारी १८-५५ लेन्स पूर्ण झूम केली की एफ/५.६ वर जाते. एफ/१.८ ची साधी लेन्स त्याच्या नऊपटीहून अधिक उजेड आत घेते. म्हणून बॉडी वापरलेली घ्यावी आणि वाचलेले पैसे लेन्सवर घालावेत. स्वस्त म्हणून ५० मिमी सगळेच सुचवतात, पण एपीएस-सी सेन्सरवर ती ७५ ते ८० मिमीसारखी वागते. पाळण्याभोवतीच्या साऱ्या बायका चौकटीत घ्यायला मागे सरकावं, तर भिंत आडवी येते. ३५ मिमी बरी, थोडी महाग असली तरी. फ्लॅश मान वळणारा हवा, म्हणजे तो पांढऱ्या छताकडे मारता येतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर, ट्यूबलाइटखाली शटर १/१०० ठेवल्यास फोटोत पट्टे सहसा उमटत नाहीत.