आकडे काय म्हणतायत?

दिंडीत दुपारी तीन वाजले की एकच प्रश्न पुढून मागे आणि मागून पुढे फिरत राहतो: ट्रक कुठं लागलाय? तंबू ट्रकमध्ये, डाळ-तांदूळ ट्रकमध्ये, म्हाताऱ्यांच्या वळकट्या आणि रक्तदाबाच्या गोळ्याही ट्रकमध्ये. ट्रक सकाळीच पुढे जातो आणि मुक्कामाच्या गावात ठरलेल्या जागी थांबतो. पण आदल्या रात्री पाऊस झाला की ठरलेल्या शेतात चिखल होतो, आणि मग ट्रक कॅनॉलच्या कडेला, शाळेच्या मागे, कुठंही सापडू शकतो. मोबाइल सगळ्यांकडे असतात. लाखोंचा लोंढा एका गावात उतरला की मोबाइलवर रेंज दिसते आणि फोन लागत नाही.

आमच्या आत्याच्या गावची दिंडी माउलींच्या पालखीबरोबर चालते. एका वर्षी वाल्ह्याच्या मुक्कामी आत्या भिजलेल्या लुगड्यानिशी ट्रक शोधत फिरली. घरी आल्यावर मला म्हणाली, "रात्र रात्र त्या वायरींशी खेळत बसतोस, तर आमचा ट्रक सापडेल असं काहीतरी कर की रे."

दिवसा बँकेत नोकरी आणि रात्री वायरी, हा माझा दिनक्रम तिला ठाऊक होता. काय करायचं ते मलाही ठाऊक होतं. हौशी लोक वापरतात तसला तळहाताएवढा बोर्ड घ्यायचा. त्यावर लोरा रेडिओ असतो, जीपीएसचं मॉड्यूल असतं, एक बारका पडदा असतो आणि पाठीला १८६५० जातीचा सेल. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीच्या अशा रेडिओला परवाना लागत नाही, आणि फलटणकडच्या सपाट माळावर तो काही किलोमीटर सहज पोहोचतो. एक बोर्ड ट्रकवर, दुसरा दिंडीतल्या एखाद्या पोराच्या झोळीत. पहिला आपलं ठिकाण सांगत राहील, दुसरा ते दाखवील.

रेडिओ पहिल्याच संध्याकाळी बोलायला लागला. जीपीएसनं मात्र जीव खाल्ला. गच्चीवर ठेवलेला बोर्ड कधी अर्ध्या तासानं ठिकाण सांगायचा, कधी सांगायचाच नाही, आणि सांगितलं तरी थोड्या वेळात पुन्हा चाचपडायला लागायचा. पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या दुकानदाराचा सल्ला होता, मॉड्यूल बदला साहेब. बदललं. फरक शून्य.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अण्णा राहायचे. पोलिसांच्या बिनतारी विभागातून निवृत्त झालेले, कानाला जरा जड, आणि गच्चीवर कोण कशासाठी येतं यावर बारीक लक्ष. एका संध्याकाळी टाकीच्या कठड्यावर बसून त्यांनी माझा सगळा खटाटोप निमूटपणे पाहिला आणि विचारलं, "आकडे काय म्हणतायत?"

मी म्हणालो, "सहा उपग्रह दिसतायत अण्णा, तरी ठिकाण लागत नाही."

"किती दिसतायत ते नाही विचारलं. प्रत्येकाचा जोर किती?"

जीपीएसचं मॉड्यूल दर सेकंदाला मजकुराच्या काही ओळी ओकत असतं. त्यातली जीएसव्ही नावाची ओळ मी कधी नीट वाचली नव्हती. तीत प्रत्येक उपग्रहाचा क्रमांक असतो, तो क्षितिजापासून किती अंश वर आहे ते असतं, कुठल्या दिशेला आहे ते असतं, आणि शेवटी त्याच्या सिग्नलचा जोर गोंगाटाच्या तुलनेत डेसिबलमध्ये. उघड्या आकाशाखाली चांगला अँटेना असेल तर माथ्यावरच्या उपग्रहासाठी हा आकडा ४५च्या घरात जातो. माझे सगळे पंचविशीच्या आत-बाहेर घुटमळत होते.

आता पंचविशीत उपग्रह दिसतो, मग अडतं कुठं? हे अण्णांनी मला ज्या पद्धतीनं समजावलं तसं मी नंतर कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर. तिथून जमिनीवर जे पोहोचतं ते साधारण एका वॅटला एकावर सोळा शून्यांनी भागल्यावर उरेल तेवढं. रिसीव्हरचा स्वतःचा अंगभूत गोंगाटच त्याच्या शंभरपट. तरीही ऐकू येतं, कारण प्रत्येक उपग्रहाचा १०२३ ठोक्यांचा ठरलेला संकेत दर मिलिसेकंदाला पुन्हापुन्हा वाजतो आणि रिसीव्हरला तो आधीपासून पाठ असतो. भजनाच्या गजरात टाळ-मृदंगाच्या वर आपल्या घरच्या माणसाचा आवाज ओळखू येतो, तसा तो गोंगाटाखालून ओळखला जातो. रॉबर्ट गोल्ड नावाच्या माणसानं १९६७ साली असे संकेत एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कसे घडवायचे याची रीत मांडली. सगळे उपग्रह एकाच १५७५.४२ मेगाहर्ट्झवर एकदम बोलत असूनही गोंधळ होत नाही तो त्यामुळे.

"पण ओळखणं वेगळं आणि तो काय बोलतोय ते लिहून घेणं वेगळं," अण्णा म्हणाले. स्वतः नेमका कुठं आहे ही माहिती उपग्रह सेकंदाला फक्त ५० बिट या गतीनं सांगतो. ती दर तीस सेकंदांनी नव्यानं सुरू होते. मधेच आवाज बुडाला की तो तुकडा वाया आणि पुन्हा पुढच्या फेरीची वाट पाहायची. सहा उपग्रह दिसत होते. त्यांतल्या एकाचंही बोलणं पुरतं लिहून होत नव्हतं. बिनतारी संचावर रात्रपाळ्या केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. समोरचं स्टेशन लागलंय आणि निरोप मात्र निम्माच उतरलाय, अशा कित्येक रात्री त्यांनी काढल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दोनशे पानी वही आणायला लावली. तारीख, वेळ, उपग्रह क्रमांक, उंची, जोर, काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा दंडक. आणि वर एक अट, जिच्यामुळे घरी माझ्या डोक्याबद्दल शंका घेतली गेली: रोज गच्चीवर आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं आधी यायचं. आज सात वाजता, तर उद्या सहा छप्पन्नला. बायकोनं शेवटी विचारलं, हा काय प्रकार. प्रकार असा की जीपीएसचे उपग्रह दिवसातून दोन फेऱ्या मारतात, पण तो दिवस ताऱ्यांचा, आपल्यापेक्षा सुमारे चार मिनिटांनी कमी. रोज चार मिनिटं आधी गेलं की तेच उपग्रह आकाशात त्याच जागी भेटतात. मग आकड्यात जो फरक पडेल तो आपल्या बदलाचा. आकाशाला दोष देता येत नाही. मॉड्यूल बदलून पाहणाऱ्या कुणालाही हे सुचलं नव्हतं, दुकानदाराला नाही आणि मलाही नाही.

मग त्यांनी खिशातला जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर काढला. दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवून तो बोर्डाजवळ नेला. नुसती खरखर. मी पडदा चालू केला आणि खरखरीत एक टर्रर्र उमटली. लॅपटॉपचा चार्जर लावला तर वर बारीक शिट्टी. पडद्याची पट्टी जिथून जात होती तिथं टर्रर्र सर्वांत मोठी, आणि बोर्ड बनवणाऱ्यानं जीपीएसचा चौकोनी अँटेना डबल टेपनं नेमका त्याच पट्टीला खेटून, कडेवर उभा करून चिकटवलेला.

मी म्हणालो, "सापडला चोर!"

"थांब," अण्णा म्हणाले. "हा नुसता खबऱ्या आहे. कोर्टात याची साक्ष चालत नाही."

खरंच होतं. मीडियम वेव्हवर जे ऐकू येतं ते १५७५ मेगाहर्ट्झवरही असेलच असं नाही. साक्षीसाठी त्यांच्या नातवानं दिलेला, लॅपटॉपला लावायचा स्वस्तातला रिसीव्हर निघाला, जो १७०० मेगाहर्ट्झपर्यंतचं दाखवतो. कोअॅक्स वायरीचं टोक सोलून, आतली तार वाकवून जाळीला डाग दिला आणि करंगळीच्या नखाएवढं कडं तयार केलं. ते कडं बोर्डावरून फिरवायचं आणि पडद्यावरची रेघ पाहायची. पट्टीपाशी रेघ उचलली. चार्जरपाशीही उचलली. सेलच्या धारकापाशी काही नाही. वहीत तिघांची नोंद झाली.

इलाज सगळे घरगुती निघाले. अण्णांच्या घरच्या काकूंनी गोडेतेलाचा रिकामा डबा दिला. अण्णांनी पत्र्याच्या कात्रीनं सात सेंटिमीटरचा चौकोन कापला, कडा कानशीनं घासल्या आणि अँटेना मधोमध, तोंड आभाळाकडे करून बसवला. हा चिनीमातीचा अँटेना पत्र्याशिवाय अर्धाच असतो. पत्रा मिळाला की त्याचा सूर जागेवर येतो, तो वरचं ऐकतो, आणि खालच्या बोर्डाची बडबड पत्र्याखाली अडते. प्लॅस्टिकचं झाकण थेट टेकलं तर सूर पुन्हा हलतो, म्हणून वर बोटभर मोकळी जागा. प्रवासात पडदा बंद. चार्जर बंद, सेलवरच चालवायचं. आकडे पंचविशीवरून तिशी ओलांडून गेले, आणि पत्रा लागला त्या संध्याकाळी माथ्यावरच्या उपग्रहासमोर मी पहिल्यांदा ४३ लिहिले. अण्णांनी वही हातात घेऊन तो आकडा चष्मा वर करून पाहिला आणि पुढच्या ओळीकडे वळले.

एक खोड मात्र उरली होती. दर सकाळी पहिलं ठिकाण लागायला उगाच वेळ जायचा. मॉड्यूलपाशी एक चिमुकला राखीव सेल असतो. आदल्या दिवशीची घड्याळवेळ आणि उपग्रहांचा पंचांगवजा तपशील तो जपून ठेवतो. आमचा मेलेला होता. त्यामुळे रोज कोऱ्या पाटीनं सुरुवात, आणि तो संपूर्ण तपशील नव्यानं उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात, तीही एकही निरोप न चुकता. सेल बदलला.

अण्णांचा एक दिवस मी फिरण्यातही घालवला, किंवा त्यांनी माझा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी नारायणगावजवळ खोडदची महादुर्बीण लोकांना पाहता येते. गोविंद स्वरूप यांच्या हातची ती कामगिरी: ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. पोरं तबकड्यांपुढे फोटो काढत होती. अण्णा मात्र तिथल्या एका इंजिनिअरला धरून विचारत होते, आसपासच्या विजेच्या तारांची खरखर तुम्ही कशी शोधता? अर्धा तास दोघांचं जमलं. परतीच्या एसटीत अण्णा खूश. म्हणाले, एवढा मोठा कान लावून बसलेल्यांचंही निम्मं आयुष्य शेजाऱ्यांचा आवाज बंद करण्यात जातं.

पैशाचा विषय मी एकदा काढला. त्यांनी कान जड असल्याचा फायदा घेतला. पुन्हा काढला तेव्हा म्हणाले, दिवे घाटातून जाताना मला ट्रकमध्ये बसव, बास.

दिवे घाट त्यांचा जुना वैरी. बंदोबस्ताच्या काळात पालखी घाटात शिरली की खालच्या संचाचं बोलणं वर सासवडकडे पोहोचायचं नाही, डोंगर आडवा. मग एक माणूस संच घेऊन घाटमाथ्यावर बसवायचा आणि त्यानं दोन्हीकडचे निरोप ऐकून पुढे सांगायचे. बरीच वर्षं तो माणूस अण्णाच होते, त्यामुळे पालखी घाट चढताना त्यांनी कायम वरूनच पाहिली.

त्या वर्षीच्या वारीत ते केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसले. बोर्ड प्लॅस्टिकच्या डब्यात घालून केबिनच्या टपावर बांधला होता. टपाचा अख्खा पत्रा त्याला मिळाला. घाटात डोंगरानं निम्मं आभाळ खाल्लं तसे उपग्रह गळाले, नवाचे पाच झाले. मी घाबरलो. अण्णांनी माझ्या मांडीवरच्या वहीकडे बोट केलं. उरलेले पाचही चाळिशीला धरून होते, आणि ठिकाण जागचं हललं नाही. वर माथ्यावर त्यांनी ड्रायव्हरला गाडी जरा हळू घ्यायला सांगितली, कुठल्याशा दगडाकडे पाहिलं, आणि "चल" म्हणाले.

वाल्ह्याला आत्यानं पोराच्या झोळीतला बोर्ड स्वतः बघून ट्रक गाठला आणि अण्णांच्या पुढ्यात पिठलं-भाकरीचं ताट ठेवलं. कुणी घेतलेल्या कष्टांचे आभार तिनं दुसऱ्या कुठल्या चलनात मानलेले मी पाहिलेले नाहीत. "माउली, अजून एक," म्हणत तिनं भाकरी वाढली आणि अण्णांना त्या वेळी सगळं व्यवस्थित ऐकू आलं.

आता ते नाशिकला लेकीकडे असतात. सामान हलवताना रिसीव्हर नेला, कोअॅक्सचं कडं नेलं, वही मला दिली. ट्रान्झिस्टर माझ्याकडे राहिला. दर वारीच्या आधी मी तो नव्या बोर्डांवरून फिरवतो; आता दिंडीत आणखी दोन ट्रक झालेत. रविवारी फोन येतो. आधी, आकडे काय म्हणतायत? मी वाचून दाखवतो. एखादा उपग्रह पडला असेल तर ते त्याची उंची विचारतात आणि झाडाला दोष देतात की वायरीला ते ठरवतात. मग, माझा ट्रान्झिस्टर कधी देतोस?

आषाढी होऊ द्या अण्णा, मी म्हणतो. आषाढी झाली की कार्तिकीचं सांगतो.