पोच

आमच्या घरात देवघरातील समई आणि शेजारच्या खोलीतील बिनतारी यंत्र ही दोन्ही एके काळी पहाटेसच जागी होत. विद्यार्थिदशेत आम्हांला मोर्सच्या नादाने वेड लावले. यथाकाल परीक्षा झाली, सरकारी परवाना आला आणि 'व्ही. यू.' या अक्षरांनी आरंभ होणारे संकेतनाम मिळाले. बेळगावच्या छपरावरील एरियलने पुढे देशोदेशींचे स्नेही जोडून दिले. परंतु जिवाभावाचे स्नेही लाभले ते निपाणीचे. आमची मराठी कोकणी वळणाची, त्यांची कानडी हेलाची. मोर्समध्ये मात्र दोघांचा उच्चार एकच!

नव्वदीच्या दशकात आम्ही दोघे पॅकेट रेडिओकडे वळलो. त्यात मजकुराचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे संकेतनाम असते, आणि शेवटी पडताळ्याचा आकडा. पलीकडचे यंत्र तो आकडा स्वतः काढून पाहते. जुळला तर पोच देते. पोच न आल्यास अलीकडचे यंत्र तोच तुकडा पुन्हा धाडते. हे सारे सेकंदाला १२०० बिट्‌स अशा संथ गतीने चाले. तथापि तो संथपणा आम्हांला प्रिय होता.

मग मोबाइल आला. यंत्राची पेटी जुन्या धोतरात गुंडाळून आम्ही माळ्यावर ठेवली. तिची उणीव आम्हांला भासली नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

ती भासली २०१९ च्या ऑगस्टात. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांना महापूर आला, महामार्ग बंद पडला. निपाणीच्या स्नेह्यांचा फोन दोन दिवस लागेना. आम्ही माळ्यावरून पेटी उतरविली. परंतु एरियलची तार केव्हाच गंजून तुटली होती. आणि ती धड असती तरी काय? पलीकडे ऐकणारे यंत्रही माळ्यावरच होते! आयुष्यभर मिरविलेली विद्या ऐन प्रसंगी निरुपयोगी ठरली, आणि तो दोष सर्वस्वी आमचा होता. तिसऱ्या दिवशी ते सुखरूप असल्याचे कळले. आमचे डोळे ओलावले. परंतु मान काही वर होईना.

तेव्हापासून आम्ही दोघे पुन्हा बसू लागलो. पूर्वीच्या पेटीचे काम आता संगणकाचे ध्वनियंत्रच करते. आमच्या दोन गावांमधील चढउतार थेट संपर्काला आड येतात. म्हणून एका पहाटे आम्ही आकाशाची वाट धरली. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर हौशी मंडळींचे एक यंत्र आहे, १४५.८२५ मेगाहर्ट्‌झवर आलेला तुकडा ते परत खाली धाडते. संधी जेमतेम दहा मिनिटांची. कपिलेश्वराच्या देवळातील घंटेचा नाद कानी येत होता. पहिला तुकडा हरवला, दुसराही. तिसऱ्यास पडद्यावर पोच उमटली, आणि पाठोपाठ रोमन अक्षरांतील मराठी ओळ : "अहो, जागे आहोत."

देवापुढचा दिवा संकट आल्यावर लावावयाचा नसतो. तो रोज लावला म्हणजेच काळोखात हाताला सापडतो. आता दर रविवारी आमचा हा नेम असतो. बोलण्यासारखे विशेष काही नसतेच. पोच मात्र येते.