तिसऱ्या आवृत्तीचा अजगर

चाळिशी ओलांडलेल्या बी. कॉम. माणसाने नवे काही शिकायला घेतले, की घरच्यांना पहिली शंका येते ती त्याच्या प्रकृतीची. मी पेटी शिकलो असतो तर शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण मी शिकायला घेतली 'पायथन', म्हणजे संगणकाला हुकूम सोडायची भाषा. मुलाने आजीला तिचा अर्थ 'अजगर' असा सांगितला. तेव्हापासून आई माझ्या खोलीत येताना आधी पलंगाखाली बघते. वास्तविक गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थाने १९९१ साली ही भाषा लोकांपुढे आणली, ती साप डोळ्यांपुढे ठेवून नव्हे. 'मॉन्टी पायथन' नावाच्या एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून त्याने हे नाव घेतले. विनोदावरून नाव पडलेली भाषा, आणि ती बँकेत!

या भाषेची दुसरी आवृत्ती आमच्या बँकेत राबते. तिसरी निघाली २००८ च्या डिसेंबरात. जऊळक्याच्या माणसाला हे साल लक्षात ठेवायला कष्ट पडत नाहीत. त्याच वर्षी आमच्या अकोला-पूर्णा मार्गाची मीटर गेज जाऊन ब्रॉड गेज झाली. एक मीटरची रुंदी १६७६ मिलिमीटर झाली आणि जुने डबे नव्या रुळांच्या कामाचे राहिले नाहीत. पायथनचेही तसेच. दुसरीतला प्रोग्रॅम तिसरीत जसाच्या तसा धावेलच असे नाही. फरक एवढाच, की रेल्वेने जुने रूळ उखडले. पायथनवाल्यांनी दोन्ही रूळ शेजारी शेजारी ठेवून लोकांना गाडी बदलायला अकरा वर्षे दिली. १ जानेवारी २०२० पासून दुसरीची देखभाल बंद झाली. आमची बँक मात्र अजून फलाटावर मीटर गेजची वाट बघत उभी आहे.

आता दोन आवृत्त्यांत एवढा काय फरक, असे तुम्ही म्हणाल. दुसरीत काही छापायचे तर नुसते 'प्रिंट' म्हटले की भागते. तिसरीत कंस लागतो. कंसावाचून पान हलत नाही, अशी स्थिती मथुरेनंतर इथेच. दुसरा फरक भागाकाराचा. पाच भागिले दोन किती? दुसरी म्हणते, दोन. उरलेला अर्धा ती गिळून टाकते, अजगरच तो. तिसरी बिचारी अडीच म्हणते. अर्ध्या रुपयासाठी रात्री दहापर्यंत खतावणी उलटीपालटी करणाऱ्या थोर लोकांच्या हाताखाली मी तयार झालो. माझे मत कुणीकडे पडले हे सांगायला नको.

पण खरी गंमत नावांची आहे. (गंमत म्हणायची, दुसरे काय!) पीककर्जाच्या खातेदारांची मराठी यादी छापणारा एक लहानसा प्रोग्रॅम वरच्या ऑफिसातल्या एका हुशार मुलाने लिहिला आणि लगेच पुण्याला नोकरी धरली. तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. गाभाऱ्यातल्या मूर्तीला निदान रोज आंघोळ तरी घालतात. आता संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षराला एक घर पुरते, मराठीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. दुसरी आवृत्ती, वेगळी विनंती केली नाही तर, ही घरे मोजते. तिसरी चिन्हे मोजते. 'जऊळका' किती अक्षरी? शाळेतले गुरुजी म्हणतील, चार. तिसरी म्हणते पाच, कारण तिने काना वेगळा धरला. दुसरी म्हणते पंधरा!

नावासाठी त्या मुलाने घरे ठेवली तीस. 'ज्ञानेश्वर' या नावात जोडाक्षरांचे पाय नि काने-मात्रे धरून दहा चिन्हे होतात, म्हणजे बरोबर तीस घरे. बापाचे नाव आणि आडनाव कुंपणाबाहेर. शेजारी खातेक्रमांक असतो, नाही असे नाही, पण नोटीस वाटणारा गावात शिरून आकड्याने हाक मारत नाही.

मी रीतसर अर्ज केला. रिझर्व्ह बँकेचा दाखलाही दिला : विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ सालीच संपली होती, म्हणून २०१८ साली रिझर्व्ह बँकेने असल्या जुन्या प्रणाली एटीएममधून जून २०१९ पर्यंत काढायला सांगितल्या. दोन महिन्यांनी उत्तर आले : "सदर प्रणाली समाधानकारकरीत्या कार्यरत आहे. तसेच आपल्या शाखेत एटीएम नाही." आमचे शाखाधिकारी भले गृहस्थ. म्हणाले, "भाऊ, बदलला आणि ऐन मार्चमध्ये यादीच निघाली नाही, तर खुलासा कोण देणार? तुम्ही की मी?" या प्रश्नाला तिसऱ्या आवृत्तीतही उत्तर नाही.

पेन्शन घ्यायला येणारे आमचे जुने हेडक्लार्क तर खुर्चीतच हसत सुटले. १९८३ साली यंत्रांबाबत बँक-संघटनांचा करार झाला, १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला, त्या काळातले हे कार्यकर्ते. "आम्ही मशीन येऊ नये म्हणून घोषणा देत होतो, अन् तुम्ही नवी आणा म्हणून अर्ज करून रायले! कलियुग आहे बाप्पा!"

मार्चअखेर थकबाकीची नोटीस एका ज्ञानेश्वराची दुसऱ्याला गेली. ज्याने कर्ज फेडले होते तो म्हातारा पिशवीत पावती घालून उन्हात आला. आवाज चढवला नाही. पावती काउंटरवर ठेवली, नोटीस तिच्यावर ठेवली आणि विचारले, "मी तं पैसे भरले साहेब. अन् याच्यातून माह्या बापाचं नाव कुठं गेलं?"

त्याला घरे आणि चिन्हे काय सांगणार? मी नोटिशीवर रेघ मारून घेतली आणि शाखाधिकाऱ्यांनी स्वतः उठून त्याला पाणी दिले. त्या दिवसापासून वाटपाआधी यादी माझ्या टेबलावर येते. बँकेची यादी घरी नेता येत नाही, तो नियम योग्यच आहे. म्हणून घरी मी मनातली नावे रचून तिसरीत चालवतो. तीस जागांत बाप आणि आडनाव बहुधा मावून जातात. ऑफिसात मात्र निळ्या पेनाने एकेकाचा बाप ज्याचा त्याला परत करतो. यंदा सात ज्ञानेश्वर आहेत. शिपायाने न सांगता नवी रिफिल आणून ठेवली आहे.